बटणं, दांडे आणि दिवे: नागपूरच्या शिकाऊ चालकांसाठी मराठी पत्रकं (प्रकल्प नोंदी)

७ एप्रिल २०२५

लर्निंग लायसन्स मिळालेल्या माणसासाठी गाडीतल्या नियंत्रणांची मराठी पत्रकं करायची आहेत. पाठपोट छापलेली, डाव्या बाजूच्या कप्प्यात मावतील एवढी. नमुना गाडी म्हणजे पाच गिअरची पेट्रोल हॅचबॅक. एएमटी (क्लच पेडल नसलेली, क्लच-गिअरचं काम यंत्राकडे असलेली गाडी) जिथे वेगळी वागते तिथे वेगळी ओळ.

कंपनीचं माहितीपुस्तक गाडीत असतंच, पण ते बटणांच्या क्रमाने लिहिलेलं असतं. चालकाची अडचण मात्र प्रसंगाने येते: काच धुरकटली, लाल दिवा लागला, पुलाच्या चढावर गाडी मागे यायला लागली. म्हणून पत्रकं प्रसंगवार. बटण कुठे आहे याला एक ओळ पुरे, ते शोधलं की कुणालाही सापडतं. खरी जागा द्यायची ती तीन प्रश्नांना: कधी वापरायचं, कधी अजिबात नाही, आणि चुकीच्या वेळी वापरलं तर गाडी काय करते. यातला मधला प्रश्न शिकवताना सगळ्यात जास्त राहून जातो, म्हणून तो ठळक छापायचा.

प्रत्येक पत्रकाच्या माथ्यावर एकच नियम: ज्यासाठी नजर रस्त्यावरून हटवावी लागते ते काम चाक फिरायच्या आधी.

११ एप्रिल

पत्रक १: सीट, स्टेअरिंग, आरसे. क्रम हाच ठेवायचा. सीट हलली की आरशातलं दृश्य बदलतं, त्यामुळे आरसे आधी लावले तर ते काम दोनदा करावं लागतं.

सीट पुढे-मागे करताना मोजमाप क्लचचं. पाठ टेकवून डाव्या पायाने क्लच तळापर्यंत दाबायचा. गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय सरळ ताठ होत असेल तर सीट मागे आहे, आणि मग क्लच पूर्ण दबत नाही, गिअर खरखरतो. गिअरबॉक्स खराब आहे म्हणून गॅरेजला नेलेल्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं एवढंच असतं. सीट सरकवल्यावर कंबरेने मागेपुढे झोका देऊन ती खट्‌कन अडकली का ते बघायचं. खाच अर्धवट बसली असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर सीट सरकते आणि पाय पेडलपासून सुटतो.

पाठीचा कोन: खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. छाती आणि स्टेअरिंगचा मधला भाग यांत निदान २५ सेंमी अंतर हवं, कारण एअरबॅग तिथूनच उघडते. बुटक्या माणसाला हे अंतर आणि क्लच दोन्ही जमवायचे असतील तर सीट उंच करायची आणि पाठ थोडी उभी करायची. उशी पाठीमागे लावू नये. धक्क्यात ती दबते आणि बेल्ट सैल पडतो.

हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या माथ्याला समांतर. मानेला टेकेल असं खाली ठेवलं तर मागून धडक बसल्यावर मान त्याच्यावरून मागे मोडते.

स्टेअरिंग वर-खाली करायची कळ कॉलमच्या खाली असते. गाडी चालू असताना तिला हात लावायचा नाही. कळ सुटली की स्टेअरिंग एकदम मांडीवर येतं. स्टेअरिंग अशा उंचीवर ठेवायचं की स्पीडोमीटर अख्खा दिसेल. घड्याळाच्या नऊ आणि तीनच्या जागी हात.

आतल्या आरशात मागची काच पूर्ण. बाहेरच्या आरशात स्वतःच्या गाडीची अगदी बारीक पट्टी, आणि क्षितिज मधोमध. डाव्या बाजूचा आरसा बहुधा बहिर्गोल असतो, त्यात मागची स्कूटी असते त्यापेक्षा लांब दिसते. आरसे कितीही नीट लावले तरी खांद्यामागे आंधळी जागा उरतेच. नागपुरात डावीकडून घुसणारी दुचाकी नेमकी त्या जागेत असते, त्यामुळे डावीकडे वळताना मान वळवून बघण्याला पर्याय नाही. ही ओळ पत्रकात दोनदा येते, मुद्दाम.

१६ एप्रिल

पत्रक २: किल्ली आणि डॅशबोर्डवरचे दिवे.

किल्लीचे चार टप्पे: लॉक, अ‍ॅक्सेसरी, ऑन, स्टार्ट. किल्ली फिरत नसेल तर जोर लावू नये, स्टेअरिंगचं लॉक बसलेलं असतं. एका हाताने स्टेअरिंग डावी-उजवी हलवत दुसऱ्या हाताने किल्ली हळूच फिरवायची. सेल्फ पाच सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही. नाही लागली तर थोडं थांबून पुन्हा. बटणवाल्या गाडीत क्लच (ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक) दाबून बटण. पेडल न दाबता बटण दाबलं तर नुसती वीज चालू होते, इंजिन नाही. रिमोटचा सेल संपला असेल तर बहुतेक गाड्यांत रिमोट बटणाला टेकवून गाडी लागते.

ठळक ओळ: पुलाच्या उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करायचं नाही. इंजिन बंद झालं की पॉवर स्टेअरिंग जड होतं आणि ब्रेकला मदत करणारं व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतं. त्यानंतर पेडल दगडासारखं लागतं. किल्ली काढली तर स्टेअरिंग लॉक व्हायची भीती वेगळी.

दिव्यांचं. किल्ली ऑनवर आणली की इंजिन, ऑइल, बॅटरी, एबीएस (जोराच्या ब्रेकने चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), एअरबॅग हे सगळे दिवे लागतात. काही इंजिन लागल्यावर तर काही थोड्या सेकंदांत विझतात. ही त्यांची हजेरी. हजेरीला न लागलेला दिवा म्हणजे बल्ब गेला किंवा कुणीतरी तो काढून ठेवला. जुनी गाडी घेताना एअरबॅगचा दिवा लागतोच आहे ना आणि मग विझतो ना, दोन्ही बघायचं.

रंगावरून: लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवा, हिरवा आणि निळा म्हणजे काहीतरी चालू आहे एवढंच. लालमध्येही फरक आहे. ऑइलच्या कुपीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद; दोन किलोमीटरवर गॅरेज आहे म्हणून चालवत नेली तर बेअरिंग जातात. बॅटरीचा लाल दिवा म्हणजे चार्जिंग होत नाही. इंजिनचा बेल्ट तुटलेला नसेल आणि इंजिन तापत नसेल तर एसी आणि बाकीची विजेची कामं बंद करून जवळच्या गॅरेजपर्यंत पोचता येतं. तापमानाचा लाल दिवा लागला तर एसी बंद, गाडी बाजूला, इंजिन बंद, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच उकळतं बाहेर उसळतं.

ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक सोडल्यावरही राहिला तर ब्रेक ऑइल कमी झालं आहे, गाडी हलवायची नाही.

२४ एप्रिल

पत्रक ३: पेडल आणि हँडब्रेक. पहिली ओळ पेडलच्याही आधीची: चालकाच्या पायाशी पाण्याची बाटली नको, एकावर एक दोन पायपुसणी नकोत. बाटली ब्रेकखाली गेली की पेडल दबत नाही. सुटी पायपुसणी पुढे सरकून रेसच्या पेडलवर चढते. टाच नसलेली सैल चप्पलही त्याच यादीत.

नागपूर सपाट. चढावर गाडी उभी करून काढण्याचा सराव करायला पूलच आहेत, आणि तिथे गर्दी. म्हणून पत्रकात हँडब्रेकची रीत तपशिलात: हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, रेस थोडी (आरपीएम काटा दीड हजाराच्या आसपास), क्लच हळूहळू वर. इंजिनचा आवाज जड होतो आणि बोनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं, तिथे पाय थांबवायचा. मग हँडब्रेक सोडायचा. मागे गेली तर घाबरून क्लच सोडायचा नाही, ब्रेक दाबायचा. सिग्नलला चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची सवय लागली की क्लच प्लेट तापते, जळका वास येतो. एएमटीतही तोच प्रकार होतो, फक्त तिथे क्लच यंत्र दाबतं म्हणून चालकाला कळत नाही. एएमटी चढावर रेसने धरायची नाही, ब्रेकने.

एबीएस: जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली थरथरतं, खडखड ऐकू येते. ते बिघाडाचं लक्षण नाही. पाय उचलायचा नाही, पंप करायचं नाही, पूर्ण दाबून ठेवायचं आणि स्टेअरिंगने वाट काढायची. एबीएस असण्याचं कारणच ते, ब्रेक लागलेले असतानाही चाकं वळतात. वाळू-गिट्टीवर मात्र थांबायला जास्त अंतर लागू शकतं.

उभी करताना: चढावर पहिला, उतारावर रिव्हर्स, आणि हँडब्रेक. पी (पार्किंगचा टप्पा) असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबून आधी हँडब्रेक, मग पी. उलट केलं तर गाडीचा सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खुंटीवर येतो. बहुतेक एएमटीत पी नसतोच. तिथे हँडब्रेक ओढून, गिअर टाकलेला ठेवून इंजिन बंद करायचं.

३० एप्रिल

किरकोळ दांडे एका पत्रकात. बोनेटची कळ चालकाच्या गुडघ्याजवळ, पेट्रोलच्या झाकणाची बऱ्याच गाड्यांत सीटशेजारी खाली. पंपावर घाईत बोनेटची ओढली तर बोनेट पहिल्या खिट्टीतून सुटतं आणि दुसऱ्यावर लटकतं. ते तसं ठेवून निघायचं नाही, वेगात वाऱ्याने उघडून काचेवर येतं. बंद करताना तळहाताने दाबायचं नाही, पत्रा चेपतो. वीस-तीस सेंमीवरून सोडून द्यायचं.

हॉर्न: एअरबॅगच्या झाकणावरच असतो. त्यावर देवाची मूर्ती, स्टिकर, काहीही चिकटवायचं नाही. एअरबॅग उघडली की ते थेट तोंडावर येतं. डॅशबोर्डच्या डाव्या बाजूलाही हेच लागू. दवाखाने, शाळा-कॉलेज आणि न्यायालयांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. मेडिकल चौकात याचा कुणालाच पत्ता नसतो, ते वेगळं.

मागचे पार्किंग सेन्सर १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीचे आहेत. त्यांना बारीक खांब, बंपरपेक्षा खालचा दगड आणि खड्डा दिसत नाही. चिखलाने माखले तर उगाच वाजतात किंवा वाजतच नाहीत.

१४ मे

उन्हाचं पत्रक. पारा पंचेचाळीसला टेकला की उन्हात उभ्या गाडीचं स्टेअरिंग धरवत नाही आणि बेल्टचं बक्कल चटका देतं. एसीची रीत: बसण्याआधी समोरासमोरची दारं उघडून तापलेली हवा जाऊ द्यायची. गाडी लावून काचा अर्ध्या खाली, ब्लोअर मोठा, बाहेरची हवा. दोन-तीन मिनिटं चालल्यावर काचा वर आणि हवा आतल्या आत फिरवायचं बटण. सुरुवातीलाच ते दाबलं तर एसी तीच साठ अंशांची हवा थंड करत बसतो.

कधी नाही: आतली हवा फिरवत ठेवून तासन्‌तास चालवायचं नाही. चार माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढतो, डोकं जड होतं, जांभया येतात. वर्धा किंवा अमरावतीपर्यंत जायचं असेल तर मधून मधून बाहेरची हवा घ्यायची. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून एसीत बसायचं नाही, त्यात कार्बन मोनॉक्साइडचा धोका. त्याला वास नसतो.

लहान मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला "पाचच मिनिटं" म्हणून बंद गाडीत ठेवायचं नाही. काच दोन बोटं उघडी ठेवून काही फरक पडत नाही.

हवा: टायरचा दाब पहाटे, गाडी चालवण्याआधी बघायचा. किती ठेवायची तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर असतो. पंक्चरवाल्याचा ठोकताळा किंवा टायरवर छापलेला कमाल आकडा नाही. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की दाब अंदाजे १ पीएसआयने वाढतो. म्हणून दुपारी तापलेल्या टायरमध्ये आकडा जास्त दिसला तरी हवा काढायची नाही. काढली तर सकाळी टायर कमी हवेवर असतो, आणि कमी हवेचा टायर जास्त चेपतो, जास्त तापतो, मग फुटतो. खाचांची खोली १.६ मिमीच्या खाली गेली की टायर बाद. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते: २३२१ म्हणजे २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. विदर्भाच्या उन्हात कमी चाललेला जुना टायरही कडक होतो, बाजूला बारीक भेगा पडतात. त्यामुळे खाचा शाबूत आहेत एवढं बघून भागत नाही.

२७ मे

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू, आतल्या कामाला बरा. बेल्ट आणि कुलपं.

खालचा पट्टा मांडीच्या वर, कंबरेच्या हाडावर, पोटावर नाही. वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध, गळ्याला घासत असेल तर खांबावरची कडी खाली-वर करायची. काखेखालून घेतला तर बरगड्या मोडतात. पीळ पडलेला नको. गरोदर बाईने खालचा पट्टा पोटाच्या खालून घ्यायचा. मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब नुसार दंड १,००० रुपये. दंडाचं सोडा, मागचा बेल्ट न लावलेला माणूस धडकेत पुढच्या सीटवर आदळतो आणि पुढच्यालाही चेपतो.

बीप बंद करायला नुसतं बक्कल अडकवतात, त्याची ओळ घातली आहे. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना अशी बक्कलं विक्रीतून काढायला लावली. बेल्ट न लावता एअरबॅगवर विसंबायचं नाही. बेल्टने अडवलेल्या शरीरासाठी एअरबॅग केलेली असते. पुढे झेपावलेल्या शरीराला ती उलट जखम करते. तान्ह्या बाळाची मागे तोंड असलेली सीट पुढच्या सीटवर, समोर एअरबॅग चालू असताना, कधीच नाही.

चाइल्ड लॉकची खिट्टी मागच्या दाराच्या कडेवर असते. लावली की दार आतून उघडत नाही, बाहेरून उघडतं. मोठी माणसं मागे बसवताना ती सोडायची, नाहीतर अपघातात मागची माणसं अडकतात. काचांचं लॉक बटण वेगळं, चालकाच्या दारावर. बऱ्याच स्वस्त गाड्यांत बोट अडकलं की काच आपोआप खाली येण्याची सोय नसते, असलीच तर फक्त चालकाच्या काचेला.

९ जून

पाऊस येण्याआधी वायपर. उन्हाळाभर उन्हात तापलेलं रबर कडक झालेलं असतं, पहिल्या पावसात काचेवर अर्धचंद्राकृती पट्टे उमटवतं. रबराच्या कडेवरून नख फिरवायचं. खरबरीत किंवा चिरलेलं लागलं तर बदलायचं.

कोरड्या धुळीवर वायपर चालवायचा नाही, आधी पाणी. उन्हाळ्याची धूळ म्हणजे बारीक वाळूच, काचेवर कायमचे ओरखडे येतात आणि ते रात्री समोरच्या दिव्यांत चमकतात. पाण्याची टाकी रिकामी असताना दांडा ओढून धरला तर पंपाची मोटर जळते. दांड्याचे टप्पे: थांबून थांबून, हळू, जोरात, आणि एकच फेरा. एका फेऱ्याचा टप्पा लोक विसरतात. पुढच्या ट्रकने उडवलेल्या एका फवाऱ्यासाठी तो असतो.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला आणि वायपर डाव्या. काही युरोपीय कंपन्यांच्या गाड्यांत उलटं. दुसऱ्याची गाडी घेतली की चौकात वळताना वायपर फिरतो तो यामुळे. निघण्याआधी दोन्ही एकदा हलवून बघायचे.

२३ जून

आजचं पत्रक सगळ्यात लांब झालं, आणि कापायचं नाही असं ठरलं: पावसात धुरकटलेली काच.

आधी बोट फिरवून ठरवायचं, वाफ आत आहे की बाहेर. दोन्हीचे उपाय उलट आहेत. घाईत चुकीचं बटण दाबलं तर काच आणखी धुरकटते.

वाफ आत असेल: पाऊस, ओले कपडे, चार माणसांचा श्वास, आणि आतली हवा आतच फिरते आहे. उपाय असा. हवा बाहेरची करायची, एसी चालू, ब्लोअर मोठा, हवेचा रोख समोरच्या काचेकडे. एसी थंडीसाठी नाही, हवा कोरडी करण्यासाठी. एसी लावून तापमानाची कळ थोडी गरमकडे फिरवली तर काच आणखी लवकर साफ होते. कोरडी आणि कोमट हवा ओल पटकन उचलते. हे "एसी आणि हीटर एकत्र" बऱ्याच लोकांना पटत नाही, म्हणून कारणासह लिहिलं. फडक्याने पुसणं हा उपाय नाही. हात चिकट असतो, तेलकट थर राहतो आणि पुढच्या वेळी त्यावर वाफ जास्त धरते.

वाफ बाहेर असेल: नागपूरच्या पावसाळ्यात बाहेरची हवा दमट आणि कोमट, आत एसी सोळावर. गार काचेवर बाहेरून दव धरतं, बहुधा खालच्या पट्टीवर, जिथे हवा थेट लागते. उपाय: वायपरचा एक फेरा, हवेचा रोख काचेवरून काढून तोंडाकडे-पायाकडे, तापमान वाढवायचं. इथे हवेचा रोख काचेकडे केला तर काच आणखी गार होते.

मागच्या काचेतल्या बारीक तपकिरी रेषा म्हणजे गरम होणारी तार. ते बटण बऱ्याच गाड्यांत पंधरा मिनिटांच्या आसपास आपोआप बंद होतं. आतून पुसताना रेषांच्या दिशेनेच, नखाने खरवडायचं नाही. एक रेष तुटली की ती पूर्ण मेली.

८ जुलै

पाण्याचं पत्रक. नरेंद्रनगर, लोहापूल इथले पुलाखालचे रस्ते जोराच्या पावसात भरतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा उभ्या गाड्याही बुडाल्या.

नियम: रस्त्याची कड किंवा दुभाजकाचा पाया दिसत नसेल तर जायचं नाही. वाहतं पाणी तीसेक सेंमी असलं तरी लहान गाडी ढकलून नेतं. साचलेल्या पाण्यातून जावंच लागलं तर पहिला गिअर, एकसारखी रेस, मध्ये गिअर बदलायचा नाही, थांबायचं नाही, समोरून ट्रक येत असेल तर त्याची लाट जाऊ द्यायची. बाहेर आल्यावर हळू वेगात ब्रेक दोन-चारदा हलका दाबून सुकवायचा.

ठळक, चौकटीत: पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही. हवा घेणाऱ्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून काढलेली गाडी बऱ्याचदा एअर फिल्टर सुकवून आणि ऑइल बदलून वाचते. सेल्फ मारलेलीचं इंजिन उघडावं लागतं.

पाणी दारापर्यंत चढत असेल तर क्रम: बेल्ट सोडा, काच खाली करा, काचेतून बाहेर. आधी दार उघडायला जायचं नाही, बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते उघडत नाही. विजेची काच पाण्यात थोडा वेळ चालते, तोच वेळ आपला. काच अडकली तर बाजूची फोडायची, कोपऱ्यात टणक टोकाने मारून. समोरची काच थर चिकटवलेली असते, तिच्यावर ताकद घालवायची नाही. हेडरेस्टच्या दांड्याने काच फोडण्याचे व्हिडिओ फिरतात, पण तो त्यासाठी बनवलेला नाही. छोटी हातोडी हाताशी ठेवावी, डिक्कीत नाही.

२२ ऑगस्ट

रात्रीचे दिवे. अप्पर (लांबचा झोत) लागला की डॅशबोर्डवर निळा दिवा. शहरात रस्त्यावर दिवे असताना अप्परचं कामच नाही. समोरून गाडी येत असेल किंवा कुणाच्या मागे असाल तर डिपर (खालचा झोत). समोरच्याने अप्पर सोडला नाही म्हणून आपणही लावायचा नाही, त्यात दोघंही आंधळे होतात. नजर रस्त्याच्या डाव्या पांढऱ्या पट्टीवर ठेवून वेग कमी करायचा. जबलपूरच्या रस्त्याला पेंचच्या भागात जनावर दिव्यात गोठून उभं राहतं. दिवा खाली करून वेग तोडायचा, हॉर्न वाजवत बसायचं नाही.

नुसत्या पार्किंग लाईटवर संध्याकाळी गाडी चालवायची नाही. डॅशबोर्ड उजळतो म्हणून दिवे लागले असं वाटतं, पण समोर प्रकाश पडत नाही.

शून्य, एक, दोन, तीन लिहिलेलं छोटं चाक कशाला, हे विचारलं तर दहातले नऊ गप्प. ते दिव्यांची उंची ठरवतं. एकटा चालक असेल तर शून्य. मागे माणसं आणि डिक्कीत सामान भरलं की गाडीची शेपूट दबते, दिवे आकाशाकडे बघतात, तेव्हा आकडा वाढवायचा.

इंडिकेटर एका बाजूला भराभर टिकटिकायला लागला तर बल्ब असलेल्या गाड्यांत त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो. लेन बदलताना स्टेअरिंग थोडंच वळतं, त्यामुळे दांडा आपोआप परत येत नाही. बंद करायचं लक्षात ठेवायचं.

६ ऑक्टोबर

समृद्धी महामार्गाचं पत्रक. नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून ७०१ किलोमीटर, सपाट भागात मोटारींना ताशी १२० ची मर्यादा. या वेगात गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. स्क्रीनवर गाणं शोधायला दोन सेकंद खाली बघितलं की ६६ मीटर न बघता काटले. रस्ता, गाणं, फोनची जोडणी, सगळं टोल नाक्याआधी लावून घ्यायचं.

२०१९ नंतरच्या गाड्या ८० च्या वर मधून मधून आणि १२० च्या वर सतत वाजतात. तो बिघाड समजून वायर काढून घेणारे आहेत.

क्रूझ कंट्रोल: ब्रेक किंवा क्लच दाबला की सुटतो. पुन्हा जुन्या वेगावर न्यायचं बटण गर्दीत दाबायचं नाही. पन्नासवर असताना दाबलं तर गाडी स्वतःहून शंभरकडे धावते. पावसात वापरायचा नाही. चाक पाण्यावर तरंगलं तरी यंत्रणा रेस देत राहते. सरळ रस्त्यावर पाय रिकामा झाला की झोप येते, हेही लिहिलं.

चारही इंडिकेटर एकदम लावायचं लाल त्रिकोणी बटण: गाडी बंद पडून उभी असेल तेव्हा. धो-धो पावसात चालत्या गाडीला ते लावलं की बहुतेक गाड्यांत डावं-उजवं सांगता येत नाही, आणि मागच्याला गाडी उभी आहे की चालली आहे ते कळत नाही. चौकात "सरळ जायचं आहे" सांगायलाही ते नाही. बंद पडल्यास परावर्तक त्रिकोण मागे ठेवायचा, शहरात असतो त्यापेक्षा बराच लांब, आणि माणसांनी कठड्याच्या पलीकडे उभं राहायचं. गाडीत बसून मदतीची वाट बघायची नाही.

१८ डिसेंबर

धुकं. कामठीच्या पुढे कन्हानच्या बाजूला पहाटे दाट पडतं. अप्पर नाही, धुक्याच्या थेंबांवरून प्रकाश परत डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपर आणि खालचे फॉग लॅम्प. मागे लाल फॉग लॅम्प असेल तर तो धुक्यातच, धुकं विरळ झालं की बंद. मागच्याला तो टोचतो आणि ब्रेकचा दिवा त्यात हरवतो. काच थोडी खाली, गाणी बंद; दिसण्याआधी ट्रक ऐकू येतो. पुढच्याच्या लाल दिव्यांच्या मागे चिकटून जायचं नाही. काच आतून धुरकटली तर २३ जूनची रीत.

२९ डिसेंबर

छपाईला जाताना दोन बदल. दिव्यांचं पत्रक रंगीतच छापायचं, काळ्या-पांढऱ्यात लाल-पिवळा कळत नाही. पाण्याची चौकट वेगळी कापून सनव्हायजरच्या मागे लावता येईल अशी.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांचं पत्रक राहिलं आहे. त्यात तीन गोष्टी नक्की: रेस सोडताच गाडी स्वतःहून मंदावते, त्या वेळी मागचा ब्रेकचा दिवा लागतो का ते गाडीनुसार बघायचं; आवाज नसल्याने गाडी चालू आहे हे विसरून, डी (पुढे जायच्या टप्प्या) मध्ये असतानाच उतरायला जाणं; आणि पाण्यातून काढलेली गाडी घरी चार्जिंगला न लावता आधी सर्व्हिस सेंटरला दाखवणं. नमुना गाडी मिळाली की जानेवारीत सुरू.